धमन्या शोधायला थेट न्यूरल नेटवर्कच कशाला?

सूतगुंता:
हृदयाच्या सीटी अँजिओतून (रक्तवाहिन्या उजळ दाखवणाऱ्या स्कॅनमधून) धमन्या वेगळ्या काढायच्या म्हटलं की हल्ली जो तो यू-नेट, म्हणजे चित्रातले भाग वेगळे करणारं न्यूरल नेटवर्क, ट्रेन करायला बसतो. माझं म्हणणं, आधी फ्रांगीचा फिल्टर, म्हणजे चित्रात नळीसारखे आकार शोधणारं सूत्र, लावून बघा. १९९८चा आहे, पण गणित शिळं झालेलं नाही. प्रत्येक व्हॉक्सेलपाशी (त्रिमितीय चित्राच्या ठिपक्यापाशी) हेसियन मॅट्रिक्स काढा, म्हणजे उजळपणा कुठल्या दिशेला कसा वळतो त्याचा तक्ता, आणि तिच्या तीन आयगेन व्हॅल्यू, म्हणजे तीन मुख्य दिशांमधल्या वळणाचे आकडे, बघा. एक शून्याजवळ आणि दोन मोठ्या ऋण आल्या, की समजा तिथे उजळ नळी आहे. धमनी पुढे बारीक होत जाते, म्हणून हेच वेगवेगळ्या सिग्मांवर (नळीच्या जाडीच्या मापांवर) करायचं आणि सगळ्यात मोठं उत्तर ठेवायचं. ना माणसाने हाताने रंगवलेली लेबलं लागत, ना जीपीयूसारखं महागडं हार्डवेअर.

तिसरी_मिती:
हे सगळं साध्या नळीपुरतं ठीक. धमनीला फाटा फुटतो तिथे काय? तिथे एक दिशा उरतच नाही, फिल्टरचं उत्तर पडतं आणि फांदी बुंध्यापासून तुटते. शिवाय सिग्मा, अल्फा, बीटा ही फिल्टरची बटणं हाताने पिळत बसा. एका स्कॅनवर जमलेलं दुसऱ्यावर फसतं.

सूतगुंता:
फाट्याचं मान्य. पण तुमचं नेटवर्क तरी कुठे धड जोडतं? लांबलचक धमनीत मधेच तीन व्हॉक्सेल गायब झाले, तर डाइस स्कोअर, म्हणजे नेटवर्कचं उत्तर आणि लेबल किती जुळतं त्याचा आकडा, ढिम्म हलत नाही. तुम्ही आपले आकडा बघून खूश!

तिसरी_मिती:
म्हणून तर २०२१ मध्ये सीएल-डाइस हा मध्यरेषेवरून मोजणारा स्कोअर आला ना. नेटवर्कने काढलेल्या नळीची मध्यरेषा खऱ्या नळीत बसते का, आणि खरीची मध्यरेषा काढलेल्या नळीत, असं दोन्हीकडून तपासतो. बारीक धमनी तुटली की साध्या डाइसपेक्षा जास्त मार्क कापले जातात.

रंगारी:
मी लेबलं करतो, म्हणून मधे तोंड घालतो. आमचा व्हॉक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा. टोकाकडची धमनी दीड मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम तीन व्हॉक्सेल. त्यातले कडेचे दोन अर्धे रक्त, अर्धी चरबी. राखाडीच दिसतात. सकाळी मी ते आत धरतो, जेवून आल्यावर बाहेर. धमनीच्या भिंतीत चुन्याचा (कॅल्शियमचा) खडा असला तर तो फुलून शेजारचंही झाकतो, मग निव्वळ अंदाज. याला तुम्ही ग्राउंड ट्रुथ, म्हणजे तपासायचं खरं उत्तर, म्हणता!

तिसरी_मिती:
एकाच स्कॅनची तुमची दोन लेबलं आहेत का? त्या दोघांतच सीएल-डाइस काढू. फ्रांगीचंही उत्तर शेजारी ठेवू.

रंगारी:
एक आहे. दुसरं करायला शुक्रवारपर्यंत वेळ द्या, आणि पहिलं मला दाखवू नका.