आत्याची वही आणि ३८ चा आकडा

आत्या: काल रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या छातीत दोन-तीनदा धपकन झाले, म्हणून बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर नाडी ३८ दाखवत होती. पेसमेकर ६० वर लावला आहे आणि ठोके त्याखाली जाणार नाहीत, असे डॉक्टरांनी मला सांगितले होते. बसवून जेमतेम चार महिने झाले आहेत. इतक्यात बॅटरी संपली असेल का? पुढची तपासणी महिनाभराने आहे.

काका: ताई, आधी हे सांग, डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, शुद्ध हरपल्यासारखे वाटले का, किंवा आता दम लागतो आहे का? यांपैकी काहीही असेल, तर ग्रुपवर लिहीत न बसता थेट रुग्णालय गाठ.

आत्या: तसे काही नाही. पाच-सात मिनिटांनी आकडा ७४ झाला आणि मला झोपही लागली.

काका: मग सविस्तर लिहितो, कारण माझ्या छातीत हे यंत्र नऊ वर्षे आहे आणि पहिल्या वर्षी मीही असाच घाबरलो होतो. ऑक्सिमीटर मोजतो त्या बोटापर्यंत पोहोचलेल्या रक्ताच्या लाटा. एखादा ठोका वेळेआधीच पडला, तर तोवर हृदय पुरते भरलेले नसते, त्यामुळे त्याची लाट बोटाशी येईपर्यंत विरते आणि तो ठोका मोजणीतून गळतो. असे एकाआड एक ठोके पडत राहिले, तर हृदयाचे ठोके ७६ असतानाही पडद्यावर ३८ दिसू शकतात. तुझ्या बाबतीत हेच झाले, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण यंत्रातून हृदयात गेलेली तार जागची सरकली असेल तरीही नाडी कमी लागते, आणि दोहोंतला फरक ईसीजी व यंत्राच्या तपासणीवरच कळतो. म्हणून महिनाभर थांबू नको, आजच फोन कर. बॅटरी अशी एका रात्रीत संपत नाही. ती उतरत चालल्याचे तपासणीत काही महिने आधी दिसते. (१९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला होता, तरी पुढे यंत्रे बदलत बदलत ते ८६ वर्षे जगले.) आणि कालचा प्रकार आठवतो आहे तोवर वहीत लिहून ठेव.

दादा: वही कशाला? मी आत्याला घड्याळ पाठवतो, ते दिवसभर ठोके आपोआप नोंदवते.

काका: अरे, घड्याळही बहुतेक वेळ मनगटातली लाटच पाहते, तेव्हा हाच गोंधळ तिथेही होईल. शिवाय किती टक्के ठोके यंत्राने दिले, लय कधी वेगाने धावली, हे पेसमेकर स्वतःच साठवून ठेवतो. त्या क्षणी माणसाला काय होत होते, एवढेच त्याला ठाऊक नसते.

वहिनी: पण काका, वहीत नेमके लिहायचे काय? माझी आई तासातासाला नाडी मोजून लिहायची आणि त्या काळजीनेच तिची धडधड वाढायची.

काका: मीही तेच केले होते. आकड्यांनी भरलेल्या तीन वह्या डॉक्टरांनी भराभर चाळल्या आणि परत दिल्या. आता त्रास झाला तरच लिहितो. मागच्या वर्षीची ही नोंद पाहा: ‘दुपारी ४.१०. भरलेली बादली उचलून दोन पावले. मानेत धडधड, अंदाजे अर्धा मिनिट, बसल्यावर थांबली.’ तपासणीच्या वेळी यंत्रात त्याच सुमारास हृदयाचा वरचा कप्पा वेगाने धावल्याची नोंद सापडली आणि औषध बदलले. दुसऱ्या एका नोंदीत उठताना चक्कर आल्याचे होते, पण त्या वेळी यंत्रात काहीच नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीकडे लक्ष वळवले आणि दोष तिचाच निघाला. म्हणून वेळ महत्त्वाची, तीही मोबाइलवर पाहून. ‘दुपारनंतर कधीतरी’ असे लिहिले, तर यंत्रातल्या नोंदीशी ते जुळवता येत नाही. आणि ‘गॅस असेल’ असा निष्कर्ष आपण लिहू नये, जे जाणवले ते लिहावे.

आत्या: फोन केला. उद्या अकराला बोलावले आहे. त्यांनीही आधी वेळच विचारली. मी असे लिहिले आहे: ‘रात्री ९.३५. डाव्या कुशीवर. छातीत धपकन, मग क्षणभर पोकळी, असे तीनदा. चक्कर नाही, दम नाही. ऑक्सिमीटर ३८, बोटे गार होती. ९.४२ ला ७४.’ मनगटावर मोजून पाहायचे सुचले नाही.

काका: तेही लिही. पुन्हा असे झाले, तर मनगटावर पूर्ण ६० सेकंद मोज. १५ सेकंद मोजून चारने गुणले, तर मध्येच गळणारे ठोके नीट कळत नाहीत.

वहिनी: आत्या, नवी गोळी सुरू झाली आहे का?

आत्या: सर्दीची, परवापासून. ती लिहायची राहिलीच.

काका: तारखेसह लिही. उद्या ते पाकीट आणि पेसमेकरचे कार्ड दोन्ही बरोबर घे.