कडक, हॉप्सयुक्त (कडवट-सुगंधी हॉप्स फुले घातलेली) ब्राऊन एल, म्हणजे तपकिरी बिअर, कशी पारखावी?

टिळकवाडीकर: बेळगावात मित्राने दिलेली ७ टक्के मद्यार्काची ब्राऊन एल फ्रिजमधून काढताच प्यायलो, तेव्हा केवळ कडवटपणा जाणवला, माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) चव कुठे हरवली असावी?

खानापूरकर: अतिथंड बिअरचा सुगंध दबतो, म्हणून ती १० ते १३ अंश सेल्सिअसपर्यंत येऊ द्यावी, ग्लास अर्धाच भरावा आणि घोटापूर्वी वास घ्यावा, आधी हॉप्सचा संत्र्याच्या सालीसारखा किंवा राळेसारखा, मग कॅरामेलचा आणि भाजलेल्या पावाचा गंध येतो. माल्टने तो कडवटपणा पेलला, तरच मी तिला उत्तम म्हणेन.

निपाणीकर: बाटलीवरील तारीखही पाहावी, कारण हॉप्सचा सुगंध काही महिन्यांतच ओसरतो, आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आल्यास ऑक्सिडीकरण झालेले असते, म्हणजे बिअर ऑक्सिजनमुळे बिघडलेली असते.

टिळकवाडीकर: आभारी आहे. दुसरी बाटली कुंदा या बेळगावी मिठाईच्या घासासोबत सावकाश चाखली, तेव्हा कॅरामेल स्पष्ट कळले.