छोट्या व्यवसायाची वेबसाइट : कुठे अडतं आणि काय केलं की सुटतं

छोट्या व्यवसायांच्या साइट बनवणाऱ्यांनी, सांभाळणाऱ्यांनी आणि बंद पडलेल्या साइट दुरुस्त करणाऱ्यांनी इथे लिहावं. कोणतं टूल चांगलं यावर वाद नको. काय आधी करायचं, आकडे किती ठेवायचे, काय बिघडतं आणि का, एवढंच हवं आहे.

सुरुवात मजकुरापासून करतो, कारण कामं सगळ्यात जास्त तिथेच रखडतात. डिझाइन आधी होतं, चौकटीत तीन-तीन ओळींचा नमुना मजकूर भरला जातो, आणि खरी माहिती आली की एका सेवेला दोन ओळी पुरतात, दुसरीला चौदा लागतात. मग सगळी मांडणी विस्कटते. म्हणून आधी साध्या फाइलमध्ये पाच पानं लिहून काढा: मुखपृष्ठ, सेवा, कामाचे नमुने, आमच्याविषयी, संपर्क. प्रत्येक पानाच्या माथ्यावर दोन ओळी लिहा: हे पान उघडणाऱ्याचा प्रश्न काय असेल आणि वाचून झाल्यावर त्याने काय करावं. दुसऱ्या ओळीचं उत्तर सुचत नसेल तर ते पान नको.

प्रश्न कुठून आणायचे? जो माणूस दुकानाचा किंवा ऑफिसचा फोन उचलतो त्याला वही द्या. दोन आठवडे प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न काय आला ते त्याने जसंच्या तसं लिहावं. मालकाला वाटणारे प्रश्न आणि वहीतले प्रश्न यांत बराच फरक पडतो, आणि साइटवर वहीतले प्रश्न हवेत.

*

सेवांच्या पानाबद्दल भर घालते. दहा सेवांची यादी एकाच पानावर कोंबू नका. शोधणारा माणूस एक विशिष्ट काम शोधत असतो, त्यामुळे ज्या सेवांवर धंदा चालतो त्या प्रत्येकीला स्वतंत्र पान द्या. दर लिहायचा नसेल तर तो कशावर ठरतो ते तरी लिहा: माप, वेळ, साहित्य, अंतर. ‘दरासाठी संपर्क करा’ एवढंच वाचून बरेच लोक पुढच्या साइटवर जातात.

*

डोमेन. डोमेनची (साइटच्या नावाची) नोंदणी, डीएनएस (ते नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं याच्या नोंदी), होस्टिंग (साइटच्या फाइल ठेवायची जागा) आणि ईमेल या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या चार वेगळ्या कंपन्यांकडे असू शकतात. चारही खाती व्यवसायाच्या नावावर काढा, साइट बनवणाऱ्याला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या. त्याच्या नावावर डोमेन गेलं की पुढे ते सोडवून घेताना नाकी नऊ येतात.

नोंदणीच्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा कधीही नसावा. डोमेनची मुदत संपली की त्या डोमेनवरचा मेलही बंद पडतो. म्हणजे ‘नूतनीकरण करा’ ही सूचनाही तिथे पोहोचत नाही आणि पासवर्ड बदलायचा दुवाही नाही. डॉट कॉमच्या बाबतीत मुदत संपल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत असते (नोंदणी कंपनी यापेक्षा कमीही देते), त्यानंतर ३० दिवस डोमेन सोडवता येतं पण जबर दंड भरून, आणि त्यापुढे ५ दिवसांनी ते कोणालाही घेता येतं. स्वयंचलित नूतनीकरण चालू ठेवा, आणि कार्ड बदललं की त्याच दिवशी तिथेही बदला.

*

होस्टिंग बदलताना साइट बंद पडण्यापेक्षा मेल बंद पडणं जास्त घडतं. कारण साधं आहे: लोक नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी जिथे असतात तो सर्व्हर) बदलतात, आणि नव्या ठिकाणी एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोहोचवायचा ते सांगणारी नोंद) नसतो. फक्त साइट हलवायची असेल तर नेमसर्व्हरला हात लावू नका, तिथल्या तिथे ए रेकॉर्ड, म्हणजे साइटच्या सर्व्हरच्या पत्त्याची नोंद, बदला (आयपीव्ही६ प्रकारचा पत्ता असेल तर AAAA, म्हणजे चार ए वाला रेकॉर्डही).

क्रम असा ठेवा. आदल्या दिवशी त्या रेकॉर्डचा टीटीएल (इतर सर्व्हर ती नोंद किती वेळ लक्षात ठेवतात ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा. जुना टीटीएल २४ तासांचा असेल तर तेवढा वेळ जाऊ द्या, मगच पत्ता बदला. काही चुकलं तर पाच-दहा मिनिटांत परत फिरता येतं. नेमसर्व्हर बदललात तर ही सोय राहत नाही, कारण डॉट कॉमच्या मूळ सर्व्हरवर त्या नोंदीचा टीटीएल दोन दिवसांचा असतो आणि तो आपल्या हातात नाही. बदलावेच लागले तर एमएक्स, एसपीएफ, डीकिम, डीमार्क (या तिन्ही मेल खरोखर आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या) आणि डोमेन आपलंच असल्याच्या पडताळणीच्या सगळ्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदी आधी नव्या जागी उतरवून घ्या. जुनं होस्टिंग आठवडाभर चालू राहू द्या.

*

संपर्क फॉर्म हा साइटचा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. ‘साइटवरून चौकशीच येत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी स्पॅम फोल्डर उघडा.

बहुतेक वेळा दोष असा असतो: फॉर्म भरणाऱ्याचा ईमेल प्रेषक म्हणून टाकलेला असतो. आपल्या सर्व्हरला त्याच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी नसते, त्यामुळे मेल स्पॅममध्ये जातो किंवा परस्पर नाकारला जातो. प्रेषक आपल्याच डोमेनचा ठेवा, ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय टू’मध्ये (उत्तर जिथे जातं त्या रकान्यात) टाका आणि मेल सर्व्हरवर लॉगिन करून एसएमटीपी या मेल पाठवायच्या पद्धतीने पाठवा. एका डोमेनला एसपीएफ नोंद एकच असते. मेल पाठवणारी दुसरी सेवा घेतली म्हणून दुसरी नोंद जोडली की दोन्ही निकामी. ती एक नोंद तपासताना डीएनएसला दहापेक्षा जास्त वेळा विचारावं लागलं तरी ती बाद.

शिवाय प्रत्येक चौकशी डेटाबेसमध्येही साठवा. मेल हरवला तरी चौकशी हरवता कामा नये.

रकाने तीन पुरे: नाव, फोन, काय हवं आहे. अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवलीत तर आयफोनवर रकान्यावर बोट टेकताच पान मोठं होतं आणि अर्धा फॉर्म पडद्याबाहेर जातो. बॉट (आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम) रोखायला एक लपवलेला रकाना ठेवतात, तो भरलेला आला की चौकशी बाद. त्या रकान्याला ‘ईमेल’ किंवा ‘फोन’ नाव देऊ नका. ब्राउझर तो आपोआप भरतो आणि खरा ग्राहक बाद होतो.

*

फोटो. मोबाइलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, चार-पाच एमबीचा, तसाच चढवला जातो. फोनचा पडदा साधारण ३९० सीएसएस पिक्सेल (पानाच्या मांडणीचं माप) रुंद, दाटपणा (अशा एका मापात बसणारे खरे पिक्सेल) तिप्पट धरला तरी ११७० पिक्सेल लागतात. म्हणजे मोबाइलसाठी १२०० आणि मोठ्या पडद्यासाठी १६०० ते २००० रुंदीच्या प्रती करा, वेबपीमध्ये (फोटो कमी जागेत बसवणारा फाइलचा प्रकार), दर्जा ७५ ते ८०. मोबाइलसाठीच्या बहुतेक प्रती २०० केबीच्या आत बसतात.

यात दोन चुका नेहमी दिसतात. सगळ्याच फोटोंना लेझी लोडिंग (पान तिथवर सरकवल्यावरच फोटो उतरवणं) लावलं जातं, अगदी वरच्या मोठ्या फोटोलाही. त्यामुळे जो आधी दिसायला हवा तोच उशिरा येतो. गूगलच्या निकषाप्रमाणे पानातला सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा, आणि तो बहुधा हाच फोटो असतो. दुसरी चूक म्हणजे कोडमध्ये फोटोची रुंदी-उंची न लिहिणं. फोटो उतरला की मजकूर खाली सरकतो आणि ‘फोन करा’वर टेकणारं बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

*

मराठी साइट असेल तर थोडक्यात: अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. इंग्रजी शीर्षकांसाठी बनवलेल्या थीममध्ये ते वाढवलेलं असतं आणि शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते. ओळींमधलं अंतर अक्षरांच्या आकाराच्या १.६ पट तरी हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर आधी बदलून घ्या. छापील पत्रकातून तसाच चिकटवला तर वाचणाऱ्याला नुसतं अगम्य चिन्हांचं जंजाळ दिसतं.

*

साइट लोकांसाठी खुली करायच्या दिवशी ‘सर्च इंजिनांना मनाई’ची खूण काढली का ते पाहा. वर्डप्रेसमध्ये ती सेटिंग्जच्या वाचनविषयक पानावर असते. काम चालू असताना लावलेली ही खूण महिनोन्‌महिने तशीच राहते. त्यापेक्षा काम चालू असलेली साइट पासवर्डमागे ठेवणं चांगलं.

जुनी साइट बदलत असाल तर जुन्या प्रत्येक पानाचा पत्ता एका तक्त्यात लिहा, समोर नव्या पानाचा, आणि ३०१ (पान कायमचं हललं असं सांगून नव्या पत्त्यावर नेणारं वळण) लावा. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवले तर गूगल ती पानं नाहीशी झाली असंच धरतं. ही वळणं निदान वर्षभर काढू नका.

*

बॅकअपबद्दल कोणीच लिहिलं नाही. त्यात फाइल आणि डेटाबेस दोन्ही हवेत, आणि प्रत होस्टिंगच्या त्याच खात्यात ठेवली तर खातं गेलं की प्रतही जाते. तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या सबडोमेनवर (आपल्याच डोमेनखालच्या वेगळ्या पत्त्यावर) ती उभी करून पाहा. त्या वेळी चित्रांचे पत्ते आवर्जून तपासा. ती चालू साइटवरूनच येत असतील तर पान अगदी व्यवस्थित दिसतं, पण अपलोडचं फोल्डर बॅकअपमध्ये आलंय की नाही हे कळतच नाही.