मदत हवी आहे : पंथ सोडायचाय, घर न मोडता

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. लग्नानंतर बायकोच्या माहेरचा पंथ आमच्या घरात शिरला (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको). आधी नुसतं भजन होतं, बरं वाटायचं. आता दर गुरुवारी हजेरीची वही. गैरहजर माणसाच्या नावाभोवती लाल गोल आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर जाब. पोरांना सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेलासुद्धा न्यायचं नाही म्हणे!

बायको अर्धी तयार आहे, सासरे ऐकायचे नाहीत. खरी मेख वेगळीच : मला उधारीवर सूत देणारा व्यापारी त्यांच्यातलाच. त्याने हात आखडला की माग बंद. शिवाय मेव्हणीचं लग्न तिथेच ठरतंय.

२०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा माहीत आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण सासऱ्यांवर तक्रार करून संसार कसा करायचा?

लेखी कळवून एकदम मोकळं व्हावं, की हजेरी कमी करत निसटावं? आधी दुसरा सूतवाला धरू का? माहेर तुटेल ही बायकोची भीती तुमच्याकडे कशी निघाली? ‘धीर धरा’ सोडून काहीही सांगा.