पायांना नमस्कार : आपलं शरीर आणि आपण (अनुभव धागा)

प्राजक्त_पुणे

पालख्या पुण्यात मुक्कामाला आहेत. भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळाकडे जाणाऱ्या आमच्या गल्लीत मंडळाची पोरं दरवर्षी वारकऱ्यांचे पाय चेपून द्यायला बसतात, मीही बसते. काल संध्याकाळी परभणीकडच्या एक आजी आल्या. पाय पुढे करायच्या आधी त्यांनी वाकून स्वतःच्याच पावलांना हात लावला आणि तो कपाळाला लावला. मी बघतच राहिले, तर म्हणाल्या, "इठ्ठलापातूर हेच नेतेत माय. त्यांच्या पाया नको का पडाया?" टाचांना भेगा, अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं. मी तेल चोळत होते आणि त्या सांगत होत्या, हितं हळू, हा जरा रुसलाय. पुढे दिवे घाट चढायचाय म्हणून आत्ताच त्याची समजूत काढत होत्या.

मला माझी आजी आठवली. रात्री काशाची वाटी आणि चमचाभर तूप घेऊन स्वतःचे तळपाय घासत बसायची. आम्ही नाती मागे लागायचो, तरी कुणाला हात लावू द्यायची नाही. "दिवसभर माझ्यासाठी राबले, त्यांचं मीच करणार." सकाळी 'समुद्रवसने देवि' म्हणून जमिनीची क्षमा मागायची आणि मगच पाय खाली टाकायची, ती हीच बाई.

आपण शरीराकडे नीट बघतो ते वजनकाट्यावर, नाहीतर रिपोर्ट हातात आल्यावर. तुमचं आणि तुमच्या शरीराचं कधी जमलं? कशामुळे? रोज त्याच्यासाठी काय करता? मोठं लिहा, छोटं लिहा, पण लिहा.

खडूफळा

पोटऱ्या! शिक्षिका आहे, आयुष्य उभ्याने गेलं. शिरा फुगल्या तेव्हा डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात, शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. इतकी वर्षं हे कुणीतरी खाली गुपचूप करत होतं आणि मला पत्ताच नव्हता! आता फळ्यावर लिहिताना टाचा वर-खाली करते. सातवीच्या मुलींनी ते पाहिलं, त्याही करतात. घरी आल्यावर भिंतीला पाय वर टेकवून पडते, तेव्हा चहासुद्धा कुणी मागायचा नाही असा नियम आहे.

मोगरा_नाशिक

वाचतेय. कुकर लावलाय, नंतर लिहिते. आजींचं वाचून डोळे भरले.

सुमन_ताई

काशाची वाटी कुठे मिळेल? ऑनलाइन मागवलेली पितळेची निघाली.

कसबेकर

सुमनताई, तांबट आळीत विचारा, नाहीतर तुळशीबागेत. घेताना वाजवून बघा, काशाचा नाद बराच वेळ घुमतो. पितळ तसं वाजत नाही.

सुमन_ताई

धन्यवाद दादा. तळपाय काळे होतात ती अंगातली उष्णता ना?

कसबेकर

नाही हो. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तूप, घाम आणि घासणं यामुळे धातूचाच काळपटपणा पायाला लागतो. झोप मात्र सुंदर लागते, आमच्या मातोश्री साक्षीला आहेत. झाल्यावर पाय पुसून मगच उठा, फरशीवर घसराल.

वऱ्हाडी_ह्यूस्टन

धाकट्या भावाला डावं मूत्रपिंड दिलं. लोक भावाबद्दल विचारतात (मजेत आहे, जवारीच्या भाकरीवर ताव मारतो), मला मात्र उजव्याबद्दल सांगायचंय. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी सोनोग्राफीत डॉक्टरांनी दाखवलं, ते आकाराने वाढलं होतं. एकट्यावर काम पडलं की उरलेलं मूत्रपिंड स्वतःहून मोठं होतं आणि बराचसा भार उचलतं. कुणी सांगितलं नाही, औषध दिलं नाही. मी त्या काळोख्या खोलीत टेबलावर पडून रडलो. तेव्हापासून त्याला जपतो. अंग दुखलं म्हणून पेनकिलर मनाने घेत नाही, पाण्याची बाटली जवळ असते, दरवर्षी क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि बीपी तपासतो. बायको म्हणते आमच्या घरात तिसरं माणूस राहतं, त्याचं नाव उजवा.

प्राजक्त_पुणे

वऱ्हाडी दादा, काय लिहिलंत! उजव्याला आमच्या सगळ्यांचा नमस्कार सांगा. आणि तुम्हालाही.

ओवी_ची_आई

माझं सीझर झालं. टाके भरल्यावर तेल लावायला मावशी यायच्या, पाठ, पाय, डोकं. पोटाला डॉक्टरांनी बराच काळ हात लावू दिला नव्हता. मला तर स्वतःलाही बघवत नव्हतं, आंघोळीला आरशावर टॉवेल टाकायचे. मावशींच्या ते लक्षात आलं. धुरी देता देता म्हणाल्या, "भाडेकरू सोडून गेला की खोली लगेच आवरून होते का? दम खाऊ दे तिला." जखम पूर्ण भरल्यावर एक दिवस आंघोळीत खोबरेल घेऊन पहिल्यांदा त्या वणावर बोट फिरवलं. आजूबाजूची चामडी बधिर होती, बोटाला पोट कळत होतं पण पोटाला बोट कळत नव्हतं. हळूहळू आलं बरंचसं. ओवी आता तिथे बोट ठेवून विचारते, मी इथून आले? हो गं बाई, इथूनच.

माई_सांगली

ओवीच्या आई, हळिवाचे लाडू दिले होते का कुणी? एक वाटी हळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, चांगले फुगू द्यायचे, मग ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर आटवायचं. जायफळ विसरू नका. लोह भरपूर असतं. गरोदरपणात नाही हं द्यायचे, बाळंतपणानंतरच.

ओवी_ची_आई

माई, आईने केले होते. माझ्यापेक्षा नवऱ्यानेच जास्त खाल्ले.

निशिगंध

कोड आहे मला, बाराव्या वर्षापासून. आधी ओठाच्या कडेला, मग हात, मग गुडघे. स्थळं बघायला सुरुवात झाली तसं घरात लांब बाह्यांचं राज्य आलं. ते सगळं इथे लिहित बसत नाही, ज्यांच्या घरात आहे त्यांना माहीत आहे.

नोकरीत एक सिनियर ताई होत्या. उन्हात साइटवर जाताना स्वतःच्या पर्समधली सनस्क्रीन काढली आणि माझ्या हातावरच्या पांढऱ्या डागांना लावायला लागल्या. "इथे रंग नाहीये ना, इथलं जळतं आधी." इतकंच म्हणाल्या आणि नकाशा उघडला. माझ्या त्या कातडीला आईनंतर प्रेमाने हात लावणारं पहिलं माणूस. लपवण्यासाठी क्रीम लावणं आणि पोळू नये म्हणून लावणं, यात माझं अख्खं आयुष्य बदललं. आता सकाळी हातांना लावताना डागांच्या कडा बघते. मनगटावरचा एक हुबेहूब कोकणच्या किनाऱ्यासारखा आहे, खाड्यांसकट.

खडूफळा

निशिगंध, माझ्या वर्गात एक मुलगी आहे, गुडघ्यावर डाग आहेत म्हणून खेळाच्या तासाला बसून राहते. तुझं लिहिलेलं तिला वाचून दाखवू का?

निशिगंध

नक्की दाखवा ताई. आणि सांगा, शिवल्याने पसरत नाही हे वर्गातल्या बाकीच्यांनाही माहीत हवं.

अनुराधा_क

मी वेगळं लिहिते, राग मानू नका. मला संधिवात आहे, रुमॅटॉइड. माझंच शरीर माझ्याच सांध्यांवर चालून येतं. सकाळी बोटं वळत नाहीत, ब्रशवर पेस्ट घ्यायला नवऱ्याला हाक मारावी लागते. अशा वेळी कुणी म्हणालं 'शरीराचे आभार मान', तर मला दार लावून घ्यावंसं वाटतं. आभार येत नाहीत. निगा मात्र येते. आठवड्यातून एकच दिवस घ्यायची मेथोट्रेक्झेटची गोळी कॅलेंडरवर लाल गोल करून घेते, सांगितलेल्या दिवशी फॉलिक ॲसिड, वेळच्या वेळी रक्त तपासणी. उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून एकेक बोट उघडते, करंगळीपासून. ती सगळ्यात आधी ऐकते. प्रेम वाटो न वाटो, घरातल्या आजारी माणसाचं आपण करतोच ना, तसं मी या हातांचं करते.

प्राजक्त_पुणे

अनुराधाताई, राग कसला! हे इथे यायलाच हवं होतं. ज्यांचं रोज दुखतं त्यांच्याकडून आभार मागायचा हक्क कुणालाच नाही. निगा हेच नातं, माझ्या लेखी ते पूर्ण आहे.

मोगरा_नाशिक

आले परत. वडिलांना मधुमेह आहे, पायाला संवेदना कमी. खिळा टोचला तरी कळत नाही, म्हणून रोज रात्री मी नाहीतर भाऊ त्यांचे तळवे बघतो, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतो. कुणी नसलं तर ते जमिनीवर आरसा ठेवून स्वतः बघतात. पाणी किती गरम आहे ते कोपराने बघायचं, पायाने नाही. आणि चप्पल घालायच्या आधी झटकायची.

अनुराधाताई, बरण्यांची झाकणं कशी उघडता? आईच्या बोटांचंही तेच सुरू झालंय.

अनुराधा_क

रबरी हातमोजा घालून, तळहाताने दाबून फिरवायचं, बोटांनी नाही. पोळपाटाखाली ठेवतात तसला जाळीचा रबरी तुकडा बरणीखाली ठेवा, सरकत नाही. पण मोगरा, आईला सकाळी तासभर बोटं आखडत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. लवकर औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होणं बरंच टळतं.

मोगरा_नाशिक

सोमवारीच नेते.