अलिबागजवळचे समुद्रकाठचे डोंगर : सायकल आणि पायी, दोन दिवसांत किती जमेल?

वाटसरू_ठाणे :

नमस्कार. डिसेंबरातल्या एखाद्या शनिवार-रविवारी मी आणि माझा धाकटा भाऊ सायकलींसह अलिबागकडे जाण्याच्या विचारात आहोत. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरायचे, पुढचे सगळे अंतर सायकलने कापायचे आणि वाटेत कनकेश्वर, सागरगड व कोर्लई हे तीन डोंगर पायी चढायचे, असा बेत आहे. सिंहगड आम्ही आतकरवाडीच्या वाटेने सव्वा ते दीड तासात चढतो, त्यामुळे फार तर चारशे मीटरच्या आसपासच्या या टेकड्या फारशा अवघड जाणार नाहीत, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का? हे तिन्ही डोंगर दोन दिवसांत बसतील का, आणि वर चढताना सायकली कोठे ठेवाव्यात, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

खारा_वारा :

मी मूळचा चौलचा आणि हे तिन्ही डोंगर लहानपणापासून चढत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे 'टेकडी' हा शब्द मनातून काढून टाकावा. सिंहगडाची उंची १३१२ मीटर असली, तरी पुणे शहरच ५६० मीटरच्या आसपास वसलेले आहे आणि आतकरवाडी त्याहून वर आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक उंची आपल्याला चढाई सुरू होण्याआधीच फुकटात मिळालेली असते. कोकणात ही सवलत नाही. मापगाव किंवा खंडाळे ही पायथ्याची गावे जवळपास समुद्रसपाटीलाच आहेत, त्यामुळे नकाशावर जी उंची दिसते ती जवळजवळ सगळीच्या सगळी स्वतःच्या पायांनी चढावी लागते. शिवाय किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम भरपूर येतो, पण तो वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. देशावरची माणसे इथे दमतात ती चढामुळे कमी आणि याच कारणाने जास्त. मी स्वतः एकदा ऑक्टोबरात भर दुपारी अकरा वाजता कनकेश्वर चढायला घेतला आणि निम्म्या वाटेवर दोन्ही पोटऱ्यांत गोळे येऊन एका पायरीवर अर्धा तास बसून राहिलो. शेवटी वरून उतरणाऱ्या एका आजींनी स्वतःजवळची मिठाची चिमूट आणि पाणी दिले, तेव्हा कुठे उठता आले.

कनकेश्वराला जाताना रेवस रस्त्यावरच्या कनकेश्वर फाट्यावरून आत वळून मापगाव गाठावे. तिथून सातशेंहून अधिक दगडी पायऱ्या आहेत. राघोजी आंग्रे यांच्या दिवाणांनी त्या १७६४ मध्ये बांधल्या, असे सांगतात. पायऱ्यांचा मधला भाग पावलांनी झिजून किंचित खोलगट झाला आहे, त्यामुळे उतरताना कडेकडेने पाय टाकावा. वाटेत नागोबाचा टप्पा, देवाची पायरी आणि गायमांडी असे ओळखीचे थांबे आहेत. झाडी दाट असल्यामुळे चढाचा बराचसा भाग सावलीतून जातो, आणि वर पोहोचल्यावर देवळाशेजारच्या चिरेबंदी पुष्करणीच्या काठावर पाय मोकळे करून बसल्यावर दम लागला होता हेही आठवत नाही.

बोटीने येणार असाल, तर मांडव्याबाहेर पडेपर्यंत ऊन चढलेले असेल. म्हणून शनिवारी दुपारपर्यंत रमतगमत सायकल चालवावी, जेवून विश्रांती घ्यावी आणि साडेतीननंतर कनकेश्वर चढावा. वाट पायऱ्यांची असल्याने उतरताना थोडा काळोख झाला तरी चुकण्याची भीती नाही, मात्र विजेरी जवळ असावी. मुक्काम अलिबागला करून रविवारी उजाडताच सागरगड गाठावा. तिसरा डोंगर या दोन दिवसांत कोंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाऱ्याचाही विचार करावा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, पण त्यांचा खरा अर्थ या रस्त्यावर सायकल चालवताना कळतो. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा जोर धरतो. अलिबागहून मांडव्याकडे, म्हणजे उत्तरेला परतताना तो थेट तोंडावर येतो आणि जेमतेम वीस किलोमीटरचे अंतर तीस किलोमीटरचे वाटू लागते. परतीची बोट ठरवताना ही गोष्ट हिशोबात धरावी.

दुर्गभटक_पेण :

खारा_वारा यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु सागरगडाविषयी थोडी भर घालणे आवश्यक वाटते. पायथ्याचे खंडाळे गाव अलिबाग-पेण रस्त्यावर, अलिबागहून जाताना कार्लेखिंडीच्या अलीकडे आहे. हा रस्ता सुट्टीच्या दिवशी गाड्यांनी तुडुंब भरतो. अलिबागहून हे पाच-सहा किलोमीटरच आहेत, तरी ते सकाळी लवकर पार करावेत. वडखळच्या बाजूने सायकलने येण्याचा मोह कोणाला होत असेल, तर तो मी एकदा करून पाहिला आहे आणि पुन्हा करणार नाही.

खंडाळ्यातून धबधब्याच्या बाजूने वर गेल्यावर सिद्धेश्वराचे देऊळ लागते, त्यानंतर सागरमाचीची वस्ती आणि मग गड. सावकाश चालल्यास अडीच ते तीन तास धरावेत. इथे पायऱ्या नाहीत, काही ठिकाणी मुरमाड उतार आहे, आणि माचीपासून गडापर्यंतची पठारावरची वाट उघडी असल्याने नऊनंतर ऊन लागते. गडाच्या टोकाला गेल्यावर मूळ डोंगरापासून सुटून उभा राहिलेला वानरलिंगीचा सुळका समोर येतो, आणि त्यापलीकडे अलिबागचा किनारा, पाण्यातला कुलाबा किल्ला व दूरवर खांदेरी-उंदेरी एकाच नजरेत मावतात. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याभोवतीची उघडी पडलेली जमीन वरून ओल्या चामड्यासारखी दिसते. हे दृश्य पाहण्यासाठी मी वेळ ठरवून चढतो.

हवेच्या स्वच्छतेबद्दल एक सूचना करतो. डिसेंबर-जानेवारीत गारवा असला, तरी सकाळी धुरकट पडदा असतो आणि समुद्र धड दिसत नाही. दृश्यासाठीच जायचे असेल, तर पाऊस ओसरल्यानंतरचे पहिले काही आठवडे उत्तम. ऐन पावसाळ्यात मात्र जाऊ नये. ओढ्याला अचानक पाणी वाढते, आणि धबधब्यांवर जाण्यास प्रशासन अनेकदा बंदीही घालते.

रेवदंड्याची_लाट :

कोर्लईला असे वगळलेले पाहून वाईट वाटले, म्हणून तिची बाजू मांडते. उंची जेमतेम शंभर मीटर असली, तरी तीन बाजूंनी पाणी आणि मधोमध लांबट तटबंदी अशी जागा या भागात दुसरी नाही. अलिबागहून चौल, रेवदंडा आणि कुंडलिकेवरचा साळावचा पूल असे साधारण बावीस किलोमीटर जावे लागते. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या आहेत आणि अर्ध्या तासात माथा येतो. खाली कोर्लई गावात आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली घराघरांत बोलतात, आणि तिला ते 'नो लिंग', म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात. किल्ला पाहून गावात चहा घेताना ती कानावर पडली, तर मुद्दाम थांबून ऐकावी. माझ्या मते सागरगड सोडून मुक्काम रेवदंड्याला करावा. वाटेत चौलच्या भोवाळ्यातील दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढल्यास दोन डोंगरांची हौसही फिटेल.

खारा_वारा :

लाटताईंचे म्हणणे मान्य आहे, मात्र साळावच्या पुलावर आडवा वारा फार असतो, तेव्हा तिथे सायकल हळू चालवावी.

वाटसरू_ठाणे :

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'टेकडी' हा शब्द मागे घेतो. भावाशी बोलून कनकेश्वर आणि सागरगड हे दोनच ठरवले आहेत, आणि कोर्लईसाठी फेब्रुवारीत पुन्हा येऊ. सायकली ठेवण्याचा प्रश्न तेवढा राहिला आहे.

दुर्गभटक_पेण :

दोन्ही गावांत एखाद्या चहावाल्याला किंवा पायथ्याच्या घरी विचारावे. आजवर मला कोणी नाही म्हटलेले नाही, आणि परत येताना त्यांच्याकडेच चहा-नाश्ता घेतला की त्यांनाही बरे वाटते. पुढचे चाक आणि सांगाडा एकाच साखळीत घेऊन खांबाला कुलूप लावावे, दिवे व पंप काढून पाठपिशवीत टाकावेत. आणि आपण पायडलला अडकणारे क्लीटचे बूट वापरत असाल, तर चालण्यासाठी दुसरे बूट बरोबर आणावेत. कनकेश्वराच्या गुळगुळीत पायऱ्यांवर ते क्लीट बर्फावरच्यासारखे घसरतात.