वादळी लाट, उधाण की फुगवटा?

शीडवाली: स्टॉर्म सर्ज, म्हणजे चक्रीवादळामुळे किनाऱ्याशी चढणारी समुद्राची पातळी. तिच्या संगणकीय प्रारूपाची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. वर्तमानपत्रं ‘वादळी लाट’ लिहितात, काही जण ‘उधाण’. पण मूळ मजकुरात स्टॉर्म सर्ज, स्टॉर्म टाइड आणि वेव्ह सेटअप एकाच परिच्छेदात येतात. तीन वेगळे शब्द हवेत.

खारबांध: ‘लाट’ नकोच. लाट काही सेकंदांत येऊन जाते. इथे समुद्राची पातळीच काही तास चढलेली असते. ‘उधाण’ त्याहून अडचणीचं, कारण ती अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती. ओडिशाचं महाचक्रीवादळ 29 ऑक्टोबर 1999 ला पाराद्वीपजवळ धडकलं तेव्हा पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते, म्हणजे भरती भांगाकडे, अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीकडे, चालली होती. तरी सर्ज 5 ते 6 मीटर! तिथे उधाण लिहिलंत तर वाचक पंचांग काढून बसेल.

माझ्या मते सर्जला ‘वादळी फुगवटा’, फुगवटा अधिक नेहमीची भरती म्हणजे ‘वादळी भरती’, आणि सेटअपला सरळ ‘लाटा फुटून किनाऱ्याशी चढलेलं पाणी’. लांब आहे, पण चुकीचं नाही.

गलबत: फुगवटा म्हटलं की अलमट्टी धरणामागे तुंबलेलं पाणी आठवतं.

खारबांध: आठवू दे की. तिथेही पातळीच चढते.

वेळास: शब्द चालेल, पण व्याख्येत ‘कमी दाबामुळे’ एवढंच लिहू नका. 1 हेक्टोपास्कल दाब उतरला की पाणी जेमतेम 1 सेंटीमीटर चढतं. 1999 च्या त्या वादळाचा केंद्रीय दाब 912 होता. भोवताली 1010 धरला तर दाबाचा वाटा मीटरभरच. उरलेलं सगळं वाऱ्याने किनाऱ्याकडे रेटलेलं पाणी, आणि समुद्र जितका उथळ तितकं ते जास्त चढतं. म्हणून किनाऱ्यालगतची खोली चुकीची भरली की वारा अचूक असूनही उत्तर फसतं.

फुगवटा जास्त असतो ती ‘उजवी बाजू’ही जपून लिहा. ती वादळाच्या वाटचालीची उजवी, नकाशाची नव्हे. ‘निसर्ग’ 3 जून 2020 ला श्रीवर्धनजवळ ईशान्येकडे जाताना जमिनीवर आलं. त्याची उजवी म्हणजे दक्षिण. वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे होता तो तिथे. उत्तरेला तो जमिनीवरून समुद्राकडे.

खारबांध: ‘उंची’ हा शब्द एकटा कुठेच सोडू नका, कशापासून ते लिहाच. भरतीचे तक्ते चार्ट डेटमपासून, म्हणजे सागरी नकाशाच्या शून्य पातळीपासून (साधारण सर्वांत खालची ओहोटी) मोजतात, प्रारूप बहुधा सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत दोन्हींत सुमारे 2.5 मीटरचा फरक. तक्त्यातली 4.5 मीटरची भरती प्रारूपात 2 मीटर होते. त्यावर 1 मीटर फुगवटा म्हणजे 3, साडेपाच नव्हे.

वेळास: आणि ही बेरीज ढोबळच. खंभातच्या आखातासारख्या मोठ्या भरतीच्या जागी भरतीमुळे खोली बदलते, खोलीमुळे घर्षण आणि फुगवटाही. तिथे प्रारूपात भरती आणि फुगवटा एकत्रच चालवावे लागतात; नुसतं ‘मिळवा’ लिहू नका.

शीडवाली: तळ पाण्याला किती अडवतो ते सांगणाऱ्या मॅनिंगच्या n ला ‘घर्षणांक’ चालेल?

वेळास: ‘खडबडीतपणाचा गुणांक’ बरा. उघड्या समुद्रतळाला साधारण 0.02, दाट कांदळवनाला 0.1 च्या आसपास किंवा वर. जमीनवापराच्या नकाशात कांदळवन पाणी म्हणून रंगवलेलं असेल तर प्रारूपातलं पाणी खाडीतून भलतंच आत शिरतं, तेवढी तळटीप जरूर द्या.